कोठासूझला मराठीत काय म्हणायचं? (मन, बुद्धी, अक्कल, डोकं... जे असतील ते शब्द आणा)

सुरसागरकाठची
नमस्कार मंडळी. एक शब्द हवाय, तीन आठवडे झाले, मिळत नाहीये.

आमच्या आजीचं हे जन्मशताब्दीचं वर्ष. घरातल्या घरात एक छोटी पुस्तिका काढतोय, सोळाच पानं, पण मनापासून करतोय. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आमच्या समोरच्या खोल्यांत एक गुजराती कुटुंब राहायचं. त्यांच्या बा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पानं लिहून दिली, गुजरातीत. ती मराठीत मी करतेय. सगळं झालं आणि एका वाक्यापाशी गाडी अडली: 'एमनी कोठासूझ गजबनी हती.'

बडोद्यात वाढलेल्यांना कोठासूझ सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. कोठा म्हणजे पोट, आतला भाग. तिथून सुचतं ती कोठासूझ. शाळेत मिळत नाही, पुस्तकातून येत नाही, आणि नुसती चलाखीही नव्हे. आजी चौथी शिकलेली. आत्याला बघायला एक स्थळ आलं होतं, पोहे झाले, सगळ्यांना पसंत, आजोबा तर तारीख काढायला निघाले होते. आजी म्हणाली नको. का, तर मुलाची आई प्रत्येक प्रश्नाला आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघते आणि मग बोलते. त्या घरात बायकांना बोलायची भीती वाटते, एवढंच तिचं म्हणणं. लोणचं घालायची तर अख्ख्या वाड्याचं, मीठ मुठीने, वजनकाटा घरात कधी आलाच नाही आणि एक बरणी कधी बिघडली नाही.

तर याला मराठीत काय म्हणायचं? मला एकच शब्द हवाय, कंसात समजावून सांगायचं नाहीये.

रावपुरा_नाका
व्यवहारज्ञान. झालं काम :)

सुरसागरकाठची
नाही हो दादा, लिहून बघितला. व्यवहारज्ञान म्हटलं की पैसे मोजणारी, घासाघीस करणारी बाई डोळ्यासमोर येते. आजी भाजीवाल्याशी कधी भाव करायची नाही.

पुण्यातला_बडोदेकर
कोठासूझवरून आठवलं. होस्टेलला पहिल्या वर्षी रूममेटला आईबद्दल सांगत होतो की तिला फार कोठासूझ आहे. तो एकदम गंभीर झाला, म्हणाला अरे मग पोटाच्या डॉक्टरला दाखवलं की नाही, सूज किती दिवस आहे? त्याच्या आईने बिचारीने पुनर्नवा पण पाठवला होता.

मांडवीची_मावशी
हाहा. खरंच की, कोठा आणि सूज दोन्ही मराठीत आहेत, फक्त अर्थ आजारपणाचा!

पण प्रश्न चांगला आहे म्हणून जरा मोठं लिहिते. मी काल स्वयंपाक करता करता शब्द आठवत बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे बुद्धीचे जे रोजचे, घरातले शब्द आहेत ना ते बहुतेक सगळे ती नसली की तोंडात येतात. अक्कल घ्या. अक्कल नाही, काडीची अक्कल नाही, अकलेचा कांदा, अकलेचे तारे, अकलेचं दिवाळं, अक्कल गहाण ठेवली, अक्कल गुडघ्यात. चांगल्या अर्थाने विचार केला तर एक अक्कलदाढ आठवली, आणि ती पण दुखते. तसंच पोच नाही, पाचपोच नाही, ताळतंत्र नाही, तारतम्य नाही, भान नाही. 'तिला केवढी पाचपोच आहे' असं कुणी कौतुकाने म्हणालेलं मी तरी पन्नास वर्षांत ऐकलं नाही. आहे तेव्हा आपण काहीच म्हणत नाही, घर सुरळीत चाललेलं असतं आणि कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून तुला शब्द सापडत नाहीये ग. तुझ्या बांच्या भाषेत तो असण्यासाठी आहे, आपल्यात नसण्यासाठी.

रावपुरा_नाका
मावशी पटलं. बाकी अक्कल मुळात अरबी, हुशार फारसी, मगज फारसी, दिमाग अरबी. दरबारातून आलेले सगळे. आपला स्वतःचा म्हणावा तर डोकं.

खांडेराव_मार्केट
मगजचं नाव काढलंत म्हणून. आमच्याकडे दिवाळीला मगज होतो, बेसनाचा, वरून बदाम. इचलकरंजीची मामेबहीण पहिल्यांदा आली, शेजारच्या काकी ताट घेऊन दारात उभ्या, म्हणतात 'ले बेटा, मगज खा.' ती घाबरून आत पळाली. आता तीच दर दिवाळीला फोन करते, माझा मगज बाजूला ठेवला का म्हणून.

पोथीवाला
धागाकर्त्या ताई, तुम्हाला बाहेर जायची गरज नाही. दासबोधात सतराव्या दशकाच्या आठव्या समासात समर्थांनी हे सगळं फार नेमकं लावून ठेवलंय. वेदांतात साधारण चार सांगतात, मन, बुद्धी, चित्त, अहंकार. समर्थ पाच सांगतात, अंतःकरण वेगळं काढतात आणि पाचांना एका ओळीत चालवतात. आधी नुसतंच आत काहीतरी स्फुरतं, आठवतं, ते अंतःकरण. मग होय की नव्हे, करू की नको, ही घालमेल ते मन. मग एकदा ठरलं की करायचं, तो निश्चय म्हणजे बुद्धी. ठरलेल्याचं चिंतन लागतं ते चित्त. आणि आता हे माझं काम, मी करणार म्हणून उठणं तो अहंकार.

बघा तुमच्या आजीच्या गोष्टीला लावून. मुलाची आई नवऱ्याकडे बघते हे आत कुठेतरी टिपलं गेलं, ते अंतःकरण. आत्याचं लग्न लांबेल, लोक काय म्हणतील, बोलू की नको, ते मन. नको, हे ठरलं, ती बुद्धी. आणि आजोबांसमोर उभं राहून बोलणं त्याला अहंकार लागतो, इथे वाईट अर्थाने नाही, मीपण पुढे करण्याच्या अर्थाने. कोठासूझ म्हणजे त्यातली पहिली पायरी, स्फुरणाची. तर 'अंतःकरणाची जाण' असा प्रयोग सुचवतो.

साधासरळ
काका तुमचा अभ्यास दांडगा आहे पण आजीला हे कपडे मोठे होतात. मराठीत आज अंतःकरण म्हटलं की लोकांना अंतःकरणपूर्वक शुभेच्छा आठवतात, नाहीतर जड अंतःकरणाने निरोप. शब्द कधीकाळी काय होता त्यापेक्षा वाचणाऱ्याच्या कानाला आज काय लागतो ते बघायला हवं. पुस्तिका नातवंडं वाचणार आहेत ना.

पोथीवाला
हे मान्य. अहंकाराचंही तसंच झालं, आता फक्त शिवीसारखा उरला. चित्तही 'चित्त थाऱ्यावर नाही' एवढ्यापुरतं. पण म्हणून वापरायचेच नाहीत का? न वापरल्यामुळेच तर आक्रसले. कठोपनिषदातला रथ शाळेत सगळ्यांनी ऐकलेला असतो, शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. मन लगाम आहे, घोडा नव्हे, हे मला चाळिशीत नीट कळलं. तोवर मी मनालाच घोडा समजून मारत होतो.

साधासरळ
लगामाचं छान सांगितलंत. हे मी मुलीला सांगणार आज.

ग्रंथसखी
उशिरा आले पण या धाग्यात आपल्या बडोद्याची एक गोष्ट यायलाच हवी. गायकवाड ओरिएंटल सिरीज माहीत असेल. तिचं पहिलंच पुस्तक, १९१६ साली निघालेलं, राजशेखराची काव्यमीमांसा, काव्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ. म्हणजे आपल्या गावातून संस्कृतचा जो एवढा मोठा प्रकाशनाचा ओघ सुरू झाला त्याच्या उगमाशी हा ग्रंथ आहे, आणि त्यात राजशेखर बुद्धीचे तीन प्रकार करतो. होऊन गेलेलं आठवते ती स्मृती, समोर आहे त्याचा विचार करते ती मती, आणि पुढे येणारं ओळखते ती प्रज्ञा. काळावरून केलेली वाटणी. मला तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, इतकं साधं आणि इतकं बरोबर. त्याच ग्रंथात प्रतिभाही दोन, कारयित्री म्हणजे रचणाऱ्याची आणि भावयित्री म्हणजे वाचणाऱ्याची, रसिकाची. वाचकालाही प्रतिभा लागते हे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय माणसाने.

या हिशेबाने आजीकडे तिन्ही होत्या. मागची स्थळं आठवत होती, समोरची बाई दिसत होती, पुढचा संसार कळला.

आणि शब्दच मोजायचे तर अमरकोशात बुद्धीला एका दमात चौदा शब्द आहेत. बुद्धी, मनीषा, धिषणा, धी, प्रज्ञा, शेमुषी, मती, प्रेक्षा, उपलब्धी, चित्, संवित्, प्रतिपत्, ज्ञप्ती, चेतना. पुढे लगेच मेधा वेगळी काढलीय, जी धी धरून ठेवते ती मेधा. आज यातले निम्मे मुलींच्या नावात आहेत, मनीषा, प्रज्ञा, मेधा, चेतना. उपलब्धी पार बदलली, शेमुषी गेलीच.

पुण्यातला_बडोदेकर
आमच्या वर्गात मनीषा, प्रज्ञा आणि चेतना एकाच बाकावर बसायच्या. बाई म्हणायच्या सगळी बुद्धी तिकडेच गेली.

संकल्पभूमी
ग्रंथसखी ताई, प्रज्ञा फक्त नावात उरलाय असं नाही हं. आमच्या घरी तो रोजचा शब्द आहे. प्रज्ञा, शील, करुणा हे तीन शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतोय, बाबासाहेबांमुळे. आजोबा सांगायचे की नुसती प्रज्ञा असून भागत नाही, शील नसेल तर तीच हुशारी दुसऱ्याचा गळा कापते, आणि करुणा नसेल तर दोन्ही कोरडी. म्हणजे आमच्याकडे बुद्धी एकटी बसतच नाही, तिला दोन्हीकडून धरलेलं असतं. बाबासाहेब १९१७ मध्ये याच गावात नोकरीला आले, एवढं शिकून, आणि त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेत बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचं ठरवलं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रज्ञा कुणाकडे होती आणि शील कुणाकडे नव्हतं, हे मी त्या जागेसमोरून जाताना दर वेळी आठवतो.

पालीत अजून एक बघण्यासारखं आहे. चित्त, मनो, विञ्ञाण हे तीन शब्द संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, एके ठिकाणी एकाच गोष्टीला लावलेत, आणि दाखला माकडाचा दिलाय, एक फांदी सोडतं दुसरी धरतं तसं. आणि धम्मपदाची पहिली गाथाच मनावर आहे, मन सगळ्याच्या पुढे चालतं. पाली म्हटलं की अजून एक बडोद्याची गोष्ट, चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी इथे पाली शिकवायचे. आख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस वर्गात धम्मपदातला चित्तवग्ग शिकवत असेल हे मला फार आवडतं.

मांडवीची_मावशी
संकल्पभूमी, तुमच्या आजोबांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. बुद्धी एकटी बसत नाही.

दस्तवाला
वकिलीतली एक भर. मृत्युपत्रात पूर्वापार लिहितात की हे मी 'अक्कलहुशारीने व राजीखुशीने' लिहून ठेवत आहे. मावशी म्हणतात अक्कल नसली तरच तोंडात येते, तर ही एक जागा जिथे माणूस सहीनिशी सांगतो की मला अक्कल आहे. गुजराती दस्तातही अगदी हेच शब्द, अक्कल होशियारीथी, राजीखुशीथी, आणि शिवाय 'बिनकेफी' अवस्थेत, म्हणजे नशापाणी न करता. १९६० पासून दारूबंदीचं राज्य तरी लिहावं लागतंच :)

कायद्याला हुशारीची पातळी नको असते, एवढं लक्षात घ्या. १८७२ चा करार कायदा, कलम १२, एवढंच विचारतो की त्या वेळी माणसाला समोरचा व्यवहार समजत होता का आणि त्याचं आपल्यावर काय होईल हे तो तोलू शकत होता का. चौथी शिकलेली आजी त्यात पहिल्या नंबराने पास. पदवीधर माणसं नापास झालेली मी टेबलापलीकडे बसलेली बघितली आहेत. हिंदी कायद्यात यालाच स्वस्थचित्त म्हणतात, तेव्हा पोथीवाला काका, चित्त अजून कोर्टात जिवंत आहे.

पोथीवाला
वा! ही बातमी आनंदाची.

फळा_खडू
३१ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. बुद्धीच्या शब्दांनी पोरांचं काय होतं ते मी बघितलंय म्हणून लिहिते. 'ढ' हा शब्द किती सहज वापरतो आपण. असं सांगतात की ब्राह्मीपासून आजपर्यंत ढ अक्षराचं वळण फारसं बदललंच नाही, बाकी अक्षरं पुढे गेली हा तिथेच राहिला म्हणून. ब्राह्मीतला ढ आजच्यासारखा दिसतो हे खरंच आहे, तक्ता काढून बघा. पण अक्षराला चालतं, मुलाला नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, मठ्ठ म्हणायचे त्याला, पोरंच नाही तर मोठी माणसंही. गणितात शून्य. शाळेची पाण्याची मोटर बंद पडली, दोन माणसं बघून गेली, त्याने बाहेर उभं राहून आवाज ऐकला आणि म्हणाला बाई, आत हवा धरलीय. तसंच निघालं. त्याला ढ म्हणणाऱ्या कोणालाच तो आवाज ऐकू आला नव्हता.

बुद्ध्यांक बुद्ध्यांक करतात, तर बिने नावाच्या फ्रेंच माणसाने १९०५ मध्ये जी चाचणी केली ती पॅरिसच्या शाळांतल्या कुठल्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधायला. मदत करायला केलेली गोष्ट, नंतर तिचा शिक्का झाला. मुलाला सांगायचंच असेल तर 'हे तुला अजून उमजलं नाही' म्हणा. अजून, हा शब्द सोडू नका.

रावपुरा_नाका
बाई, मी पण त्या ढ बाकावरचा. आज तीन दुकानं आहेत. धन्यवाद.

फळा_खडू
नुसता दुकानांवरून नको रे मोजू स्वतःला. तू इथे रोज लोकांना नीट उत्तरं देतोस ते मी बघते.

कारेलीबागची_लेक
मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

आईला चार वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. त्याआधी दोन वर्षं आम्ही आणि नातेवाईक तिच्यासाठी जे शब्द वापरत होतो ते आठवले की झोप लागत नाही. विसरभोळी, इथून सुरुवात. मग भ्रमिष्ट. मग एकजण तिच्यासमोर म्हणाले म्हातारचळ लागलाय. आणि आपल्या गप्पांत सहज येतं ना, ठाण्याला पाठवा, येरवड्याला पाठवा, तसं आपल्या बडोद्यात मनोरुग्णालयावरून कारेलीबाग म्हणतात, आणि मी राहते तिथेच. तिने ऐकलं होतं ते. विसरायचा आजार होता तरी ते शब्द विसरली नाही, कितीतरी दिवस म्हणायची मला चळ नाही लागलेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मला रडू आलं पण सुटल्यासारखंही झालं. नाव मिळालं की दोष जातो.

तिला आता माझं नाव आठवत नाही. पण परवा मी ऑफिसातून आले, काही बोलले नाही, तोंडही धुतलं नव्हतं, तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'आज कोणीतरी तुला लागेल असं बोललंय.' बोललं होतं. स्मृती गेलीय तर मग हे काय उरलंय तिच्यात, त्याला कोणता शब्द? धागाकर्त्या ताई, तुम्ही जो शब्द शोधताय तोच असेल का?

मांडवीची_मावशी
तोच आहे ग. तुझा पत्ता मला मेसेज कर, मी येऊन जाईन रविवारी. दोन तास आईपाशी बसेन, तू जरा बाहेर फिरून ये.

फळा_खडू
लेकी, रविवारी मावशी असतील तर बुधवारी मी. मला वेळच वेळ आहे.

वैद्य_वाडी
कारेलीबागच्या ताई, तुमचं वाचून थांबलो. वैद्यकीत चरकाने बुद्धीचे तीन पाय मानलेत, धी, धृती, स्मृती. धी म्हणजे हित कशात अहित कशात हे ओळखणं, धृती म्हणजे मनाला धरून ठेवणं, स्मृती म्हणजे खरं काय ते आठवणं. हे तीन ढळले की माणूस जे चुकीचं करतो त्याला प्रज्ञापराध असा शब्द आहे. रोज बघतो मी. मधुमेहाचा पेशंट, गोड चालत नाही हे पक्कं ठाऊक, म्हणजे धी शाबूत. समोर बासुंदी आली, धृती गेली. मागच्या लग्नानंतर काय झालं होतं, स्मृती गेली. असा तीन पायऱ्यांनी माणूस वाटीत पडतो.

पण तुमच्या आईंचं वेगळं आहे, तो अपराध नाही, आजार आहे, आणि एक पाय गेला तरी बाकीचे कधी कधी उभे असतात. तुमचा हात धरला त्यांनी, ते मी मोलाचं मानतो.

इंदूरचा_पाहुणा
आमच्या इंदूरकडे अशा बाईला सयानी म्हणतील. आपला शहाणा आणि हिंदीतला सयाना एकाच घरचे, संस्कृत सज्ञानवरून आले. गुजरातीत शाणो, तोही त्यातलाच. गंमत अशी की हिंदीत मुलगी सयानी झाली म्हणजे वयात आली, मराठीतही जुन्या बायका 'शहाणी झाली' म्हणायच्या त्याच अर्थाने. मग शहाणी आजी का नाही म्हणत?

साधासरळ
कारण मराठीत शहाण्याला आपण सुखाने राहू देत नाही. दीडशहाणा, अतिशहाणा, मोठा आलाय शहाणा. बिचाऱ्याचा बैल पण रिकामा.

इंदूरचा_पाहुणा
हे मात्र खरं. आणि मुलांना म्हणायचं तर 'शहाणं बाळ', म्हणजे जे सांगितलेलं ऐकतं. आजी तर न ऐकणारी दिसते :)

खांडेराव_मार्केट
मंडळी, धागा बासुंदीपर्यंत गेला, ताईंचा शब्द राहिला. यादी करू: व्यवहारज्ञान, अंतःकरणाची जाण, प्रज्ञा, शहाणपण. मी 'उपजत बुद्धी' घालतो.

सुरसागरकाठची
उपजत नको वाटतंय. बारा वर्षांची होती लग्न होऊन आली तेव्हा, तिच्याच सांगण्याप्रमाणे काहीच कळत नव्हतं. हे सगळं तिने वाड्यात राहून, माणसं बघून, चुकून मिळवलंय. उपजत म्हटलं तर तिचे कष्टच गेले.

ग्रंथसखी
मग कोठासूझ तसाच ठेव की! बडोद्याच्या मराठीला तो हक्क आहे. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु करवला, १९३१ चा, त्यात एका एका शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेत. त्या गावचे आपण. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणतो तसा शब्द आणला तर काय बिघडलं.

सुरसागरकाठची
ताई, हेच करणार होते मी शेवटी. फक्त पुस्तिका नाशिकला आणि नागपूरलाही जाणार आहे, आणि वर तो सुजेचा किस्सा वाचल्यापासून भीती वाटतेय.

फळा_खडू
एक व्याकरणाची गोष्ट सांगू? मराठीत विचार करणे, ठरवणे याला 'मी' लागतो. मी विचार केला, मी ठरवलं. पण सुचणे, समजणे, उमजणे, आठवणे, कळणे याला 'मला' लागतो. मला सुचलं, मला उमजलं. म्हणजे ते आपण करत नाही, ते आपल्याकडे येतं, आपण फक्त जागेवर असावं लागतं. बुद्धीचंही तसंच बघ, 'त्या दिवशी मला दार उघडायची बुद्धी झाली' असं म्हणतो, मी बुद्धी केली असं कुणी म्हणत नाही. तुझ्या आजीचं जे होतं ते या 'मला'वाल्या बाजूचं आहे. त्या बाजूला शोध. आणि आजी स्वतः काय म्हणायची? स्थळाला नको म्हणाली तेव्हा तिने कोणता शब्द वापरला होता, आठवतंय का कोणाला घरात?

कारेलीबागची_लेक
हे वाचून आईच्या वाक्याकडे परत गेले. तीही हल्ली 'मला वाटलं' म्हणते, 'मी ओळखलं' नाही म्हणत.

सुरसागरकाठची
बाई, तुमचा प्रश्न वाचून रात्री साडेनऊला आत्याला फोन लावला. आत्या आता सत्त्याहत्तर. मी विचारलं, आजी त्या दिवशी नक्की काय म्हणाली होती? तिला शब्दन् शब्द पाठ, कारण तिच्याच आयुष्याचा प्रश्न होता. आजोबा चिडून म्हणाले होते, तुला असं काय मोठं दिसलं त्या घरात? आणि आजी म्हणाली, 'दिसलं नाही काही. मला अंदाज आला.'

आणि मग आम्ही दोघी फोनवर गप्पच झालो, कारण तो शब्द ती दिवसातून वीस वेळा म्हणायची! लोणच्यात मीठ किती, तर अंदाजाने. पाऊस येईल का, अंदाज आहे. नवी भाडेकरीण कशी आहे, अजून अंदाज आला नाही, येईल. मी तिला एकदा विचारलं होतं की आजी अंदाज शिकव ना, तर माझा हात धरून मिठाच्या डब्यात घातला आणि म्हणाली मूठ कर. सोड. परत कर. एवढंच. मी सात वर्षांची असेन. आणि तीन आठवडे मी कोश चाळत होते.

वाक्य आता असं केलंय: 'त्यांचा अंदाज विलक्षण होता; मिठाचा आणि माणसांचाही.' आज सकाळी बांना जाऊन मराठीत वाचून दाखवलं. त्यांना मराठी समजतं, चाळीस वर्षं समोर राहिल्या. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि मग म्हणाल्या, 'हा. एम ज बोलती.' हो, अशीच बोलायची.

पोथीवाला
समर्थांचं सगळं मागे घेतो. हाच शब्द.

ग्रंथसखी
मागे नका घेऊ काका, स्फुरण म्हणजेच अंदाज, फक्त ओट्याजवळचा.

मांडवीची_मावशी
डोळे भरले ग. पुस्तिकेची एक प्रत माझी.

खांडेराव_मार्केट
आणि ते लोणचं? कैरी किती, मोहरी किती?

सुरसागरकाठची
काका, पाच किलो कैरीला सात मुठी. पण मूठ आजीची. माझ्या मुठीने पावणेआठ होतात, हे मला चौथ्या वर्षी कळलं.